हळदीकुंकवाला वाटलेला खून

आमच्या मुलीला बंगळुरात मैत्रीण मिळायला फार वेळ लागला. नवऱ्याची सरकारी संशोधन संस्थेतली नोकरी, त्यामुळे बदली झाली की गाशा गुंडाळायचा. पुण्याहून इथल्या बनशंकरी भागात आलो तेव्हा ती सातवीत होती. शाळेतून आल्यावर “आज कुणाशी बोललीस का?” विचारलं की खोलीचं दार लावून घ्यायची. नववीत खालच्या मजल्यावरची मुलगी तिच्या वर्गात आली आणि आमच्या घरात हसण्याचे आवाज येऊ लागले. ती पोर दिवसातून कितीही वेळा आली तरी पोहे परतायला मी तयार होते.

खालचं कुटुंब मराठीच, पण पिढ्यानपिढ्या इथलं. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं, की सुरुवातीला निम्मं मी अंदाजानेच समजून घेई. मैत्रिणीची आई मला अक्का म्हणे, मी तिला अक्का म्हणे. मोठं कोण, हा विषय दोघींनीही काढला नाही.

दोघी मुलींना जपानी चित्रकथांचं, म्हणजे मांगाचं वेड लागलं होतं. एकच मालिका, एकाच उशीवर डोकी टेकवून वाचायच्या. कसली गोष्ट आहे विचारलं, तर “मैत्रीची आहे गं आई,” एवढंच उत्तर. एका दुपारी मटार सोलून झाल्यावर मी पहिला भाग उघडला. पहिल्याच पानावर इंग्रजीत काहीतरी सूचना होती. औषधाच्या बाटलीवरच्या सूचना मी कधी वाचत नाही, तर ही कशाला वाचू? चष्माही जवळ नव्हता. चित्रं बघत गेले.

एक मुलगी शाळेच्या जिन्याखाली पडलेली, दुसरी वर उभी. मग पडलेली वर येते. दोघींचं कडाक्याचं भांडण होतं. पुढे राग निवळतो, दोघी एका छत्रीतून घरी जातात, डबा वाटून खातात. शेवटी तर पहिलीच ओळख झाल्यासारख्या एकमेकींकडे बघून लाजतात. जिन्यावरून पडूनसुद्धा मैत्री तुटत नाही! माझे डोळे भरून आले. आजकालच्या पोरांच्या वाचनाला मी उगीच नावं ठेवत होते असं वाटलं.

संक्रांत जवळ आली होती. आमच्या मराठी बायकांनी प्लास्टिकचे डबे बंद करून वाण म्हणून पुस्तकं द्यायची असं ठरवलं होतं. पाककृतींची पुस्तकं देऊन सगळ्या कंटाळल्या होत्या. मी मुलीला न सांगता त्या मांगाच्या प्रती मागवल्या आणि हळदीकुंकवाला तिळगुळाबरोबर खालच्या अक्कासकट एकेकीच्या हातात ठेवल्या. “लेकीबरोबर वाचा,” असंही वर सांगितलं. बायका काय कौतुक करत होत्या माझं!

संध्याकाळी मुलगी घरी आली आणि उरलेली प्रत बघून मटकन बसली.

“आई, तू हे वाचलंस?”

“पूर्ण वाचलं. किती गोड आहे.”

“कुठून वाचलंस?”

“पहिल्या पानापासून. आणखी कुठून वाचणार?”

“ते शेवटचं पान असतं. मांगा उजवीकडून वाचतात. अगं, एक दुसरीला जिन्यावरून ढकलते. ती मरते.”

आधी ती पोट धरून हसली, मीही हसले. तेवढ्यात तिच्या फोनवर मैत्रिणीचा निरोप आला: आईने पुस्तक वाचलं, आता वर यायला बंदी. मुलीचं हसू थांबलं. ती उठली, खोलीत गेली आणि सातवीतल्यासारखं दार लावून घेतलं. मी चपला घातल्या आणि तडक खाली गेले.

अक्काने दार उघडलं. पुस्तक हातातच होतं.

“अक्का, आम्ही एळ्ळु-बेल्ल देतो, तुम्ही तिळगूळ देता. खून कोण देतं?”

मी सगळं सांगितलं. तिचा विश्वास बसेना. शेवटी तिच्याच सोफ्यावर बसून मी पुस्तक डावीकडून उघडलं आणि एकेका चित्रावर बोट ठेवत माझी गोष्ट सांगत गेले. मेलेली उठली, भांडण मिटलं, छत्री आली. डब्यापर्यंत पोचले तेव्हा अक्का पदर तोंडाशी धरून हसत होती. मला वाटलं, सुटले.

“मग येऊ दे ना तिला वर,” मी म्हटलं.

ती हसायची थांबली. पुस्तक उजवीकडून उघडून तिने मला दोन-तीन पानं दाखवली. माझ्या वाचनात ती नुसती घर आवरण्याची चित्रं होती. नीट वाचल्यावर कळलं, एका मैत्रिणीच्या घरचं सामान बांधलं जात होतं. त्यांना दुसऱ्या गावी जायचं होतं.

“रक्ताला मी भीत नाही, अक्का. तुम्ही लोक जाणार. तुमची पोर नवीन गावात नवीन मैत्रीण करेल. माझी इथंच राहील, रोज तुमच्या दारावरून जाईल. दोघींना स्वल्प आधीच सोडवलं तर कमी दुखेल म्हणून थांबवलं. पुस्तक निमित्त झालं.”

इतके दिवस मला फक्त माझ्याच मुलीचं एकटेपण दिसत होतं. जाणाऱ्यांच्या मागे कुणीतरी उरतं, हे इतक्या बदल्यांत माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. आम्ही जाणार नाही, असं खोटं सांगणं मला जमलं नाही.

“बदली कधी येईल, मला खरंच माहीत नाही,” मी म्हटलं.

तिने पुस्तक मिटलं. मग आतल्या खोलीकडे तोंड करून लेकीला म्हणाली, “जा गं वर.” ती पोर अनवाणीच जिन्याकडे पळाली.

मीही उठू लागले, तर अक्काने माझा हात धरून खाली बसवलं.

“तुम्ही कुठं निघालात? बदली आल्यावर मलाही मागं राहायचंच आहे की.”