आठ फुटांचं स्टेशन

माझ्या बायकोच्या थोरल्या भावाने आयुष्यात एकही गोष्ट अंदाजाने केली नाही. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. मुलगी पाहायला मी लालबागच्या त्यांच्या खोलीत गेलो, तेव्हा पोह्यांच्या आधी टेप आली. मला चौकटीला टेकवून उभं करत दादा म्हणाले, "पाच फूट साडेपाच. चलात. माळ्यावरचां काढूक स्टूल लागात, इतक्यांच." माझगावच्या एका फाउंड्रीत ते पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा जो भाग ओतायचा, त्याचा हुबेहूब नमुना आधी लाकडात घडवणं हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर लोखंड सुटलं, लाकूड सुटलं नाही. पोळपाट डुगडुगतो असं बहीण सहज बोलून गेली, तर ते पोळपाटच उचलून घेऊन गेले आणि आम्ही तीन दिवस पाव खाल्ले. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर टेकण्याआधीसुद्धा ते तळहात फिरवून पाहायचे आणि "ढाळ आसा," म्हणून दोन हात पलीकडे सरकायचे.

अशा माणसाकडे माझी मुलगी स्टेशन मागायला गेली. कॉलेज संपल्यापासून ती आणि तिचे मित्र रविवारी एक खेळ खेळतात. टेबलावर इंचभर उंचीचे जादूगार आणि राक्षस मांडायचे, फासे टाकायचे आणि गोष्ट रचत पुढे जायचं. दादरच्या एका हॉलमध्ये तीन गट मिळून मोठा डाव मांडणार होते. एका टोकाला एका गटाचा डोंगर, दुसऱ्या टोकाला दुसऱ्याचं बंदर आणि मधल्या आठ फुटांत हिच्या गटाचं रेल्वे स्टेशन. तेही सुट्या तुकड्यांचं, कुठलाही तुकडा कुठेही जोडता यावा असं.

"राक्षस तिकीट काढतत?" दादांनी विचारलं.

"नाही रे मामा, राक्षस हल्ला करतात."

"मगे प्लॅटफॉर्म मजबूत व्हयो."

चार महिने त्यांना दुसरं काही सुचलं नाही. रे रोड स्टेशनात ते एका खांबाचा घेर मोजत होते, तेव्हा पोलिसाने हटकलं. दादा खोटं कधीच बोलत नसत. "चेटकिणीसाठी स्टेशन बांधतंय," असं त्यांनी सरळ सांगितलं. मग त्या पोलिसाने मला फोन केला आणि मी, ज्याला दुकानदाराला सुटे परत मागतानाही घाम फुटतो, पोलीस खात्याला हलक्या आवाजात कळवलं की हो, खरं आहे. स्टेशनात चेटकिणींसाठी लेडीज वेटिंग रूम होती आणि बाहेर झाडू टेकवायला खाचा होत्या. उडत्या सर्पाचे पंख अडकू नयेत म्हणून वरच्या तारा रद्द केल्या होत्या. फूटभराचे आठ तुकडे, प्रत्येकाला दोन खुंट्या. ना डिंक, ना स्क्रू. एक दुसऱ्याला लावला की फक्त 'चक' असा आवाज यायचा.

त्या दिवशी हॉलमध्ये सात वेळा चक झालं. आठवा तुकडा बंदरावर चढला. स्टेशन इंचभर लांब झालं होतं, आणि डोंगर व बंदर दोन्ही टेबलाला स्क्रूने पक्के केलेले.

"काका, थोडं घासून टाकू या का?" बंदरवाल्यांपैकी कुणीतरी म्हणालं.

दादांनी खिशातून फाउंड्रीतली पितळी मोजपट्टी काढली, तिच्याकडे पाहिलं, ती टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसले. "लोखंड थंड झालां की आकसता," ते माझ्या मुलीला म्हणाले, "म्हणून आमची पट्टी फुटामागे सूतभर मोठी. आठ सूत म्हणजे एक इंच. चाळीस वर्षां हातात तीच. पण ह्यां लाकूड. ह्यां कित्याक आकसतलां?" त्यांचे हात रिकामे मी पहिल्यांदाच पाहिले. मुलगी म्हणाली, "मामा, राहू दे ना. आपण जमिनीवर मांडू." ते अधिकच वाईट होतं.

पाचेक मिनिटांनी दादा उठले. "एक तुकडो काढ." पार्सल ऑफिसचा तुकडा निघाला. "आता मधे अकरा इंच नि एक सूत," ते टेप न लावता म्हणाले. मिठाईचा खोका, दोन ब्रशांच्या दांड्या, थोडा दोरा आणि लाल रंग एवढ्यावर अर्ध्या तासात तिथे रेल्वेचं फाटक उभं राहिलं. दोरा ओढला की दांड्या वर जात. चक!

गोष्ट चालवणाऱ्या मुलीने राक्षसांची फौज स्टेशनावर सोडली. गावकऱ्यांनी भरलेली गाडी अजून हललीही नव्हती. दादांनी बोट वर केलं. "फाटक बंद आसा."

"काका, राक्षस आहेत ते. तोडतील."

"मंत्र्याची गाडी थांबता फाटकार. राक्षस कोण लागून गेलो?"

तिने वीस बाजूंचा फासा त्यांच्या हातात दिला. दादांनी आधी टेबलावरून तळहात फिरवला, ढाळ नसल्याची खात्री केली आणि टाकला. वीस! तिन्ही गट खुर्च्यांवर चढले. फौज फाटकाशी खोळंबली, गाडी सुटली, आणि अनोळखी पोरं दादांना वाकून नमस्कार करू लागली. दादा पट्टी खिशात घालत मला म्हणाले, "भावजी, पुढच्या वेळेक साधी पट्टी आणून दी."

यंदा होळीच्या सुमारास दादा गेले. तेराव्यानंतरच्या रविवारी मुलीचा गट स्टेशन घेऊन आमच्याकडे आला. त्यांनी ते आमच्या बाहेरच्या खोलीत जमिनीवर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मांडलं. मी स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन आलो, तर समोर फाटक बंद. चार इंचांचं ते, पाय उचलला असता तर सहज ओलांडता आलं असतं. मी उभा राहिलो.

"बाबा, ये ना," मुलगी म्हणाली.

"गाडी जाऊ दे," मी म्हटलं.