खंडेनवमीला बंद केलेलं मशीन

सरळ सांगते, असले अनुभव लिहिणाऱ्यांची मी यथेच्छ टिंगल केलेली आहे. याच सदरात कुणाच्या तरी किश्श्याखाली "झोप पूर्ण घ्या" असं लिहून गेलेली बाई मीच... तेव्हा आता हसा खुशाल, हक्क आहे तुमचा.

ठिकाण करी रोड. आमची चाळ, दुसरा मजला, जिन्याला लागून असलेली शेजारच्या काकूंची रिकामी खोली. नोकरी सोडून मी आणि दोघा मित्रांनी तिथे सॉफ्टवेअरचं काम सुरू केलं होतं. पहिलंच गिऱ्हाईक — औषधांचे एक घाऊक व्यापारी. दसऱ्याला दुपारी बारापर्यंत प्रोग्राम त्यांच्या हातात द्यायचा, नाहीतर ते दुसरीकडे जाणार आणि आम्ही तिघं मान खाली घालून जुन्या नोकरीच्या दारात.

आणि घोडं अडलं होतं बिल्डवर. म्हणजे बघा, तिघांनी लिहिलेले तुकडे आपोआप जोडून त्यांचा एक अख्खा प्रोग्राम बनवणारं मशीन आम्ही मांडलं होतं. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेलं डबडं ते! पंधरा मिनिटं घरघरायचं आणि लाल अक्षरांत रडायचं, तेही दर वेळी वेगळ्याच तुकड्यावर. तीन दिवस आम्ही एकमेकांवर नुसते खेकसत होतो.

खंडेनवमीला सकाळी बाबा आले, हातात झेंडूची माळ. बाबा गिरणीत विणकर होते. संप झाला, गिरणी पुन्हा उघडलीच नाही, आणि त्यानंतर त्यांनी खंडेनवमी कधी केली नाही. घरात पुजायला यंत्रच नव्हतं ना. आता लेकीकडे होतं. आज यंत्राला विश्रांती, म्हणाले, बंद कर. माझं डोकंच फिरलं... हातात एक दिवस उरलाय आणि यांचं काय चाललंय! पण चेहरा असा फुलला होता त्यांचा की मला नाही म्हणवेना.

प्लग त्यांनी स्वतः काढला, वायर गुंडाळून सुतळीने बांधली, हळदकुंकू वाहिलं, माळ घातली. मग सहज विचारलं, अडलंय कुठे. माझा भागीदार सचिन, त्याने समजावून सांगितलं की वेळ वाचावा म्हणून आम्ही चार-चार तुकडे एकदम बनवायला लावतो. बाबा हसायला लागले.

"अरे, एक माग नीट चालू झालो की मगे दुसऱ्याक हात लावचो."

आम्हीही हसलो. म्हटलं, बाबांना काय कळतंय यातलं. खोलीला कुलूप घातलं, किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली आणि सगळे आमच्याकडे जेवायला गेलो. आईने वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ केली होती. इतकं हादडलं की दिवसभर कुणी हललं नाही.

दसऱ्याला सकाळी सातला कुलूप मीच काढलं. माळ जागच्या जागी, वायर तशीच बांधलेली. सुतळी सोडवली, प्लग लावला... आणि स्क्रीनवर हिरवी ओळ. बिल्ड यशस्वी. वेळ — आदल्या दिवशी दुपारी तीन वाजून सात मिनिटं. तुकडे एकेक करून, ओळीने बनवलेले. आमच्या फाइलमध्ये मात्र अजूनही "एका वेळी चार" असंच लिहिलेलं होतं!

सचिनने लगेच ती फाइल उघडली. आम्ही चारचं एक केलं, पुन्हा चालवलं, पुन्हा हिरवं. अकराच्या आत प्रोग्राम देऊन आलो आणि गॅलरीत तिघंही वेड्यासारखे नाचलो. काकूंनी पेढे वाटले, का ते त्यांनाही माहीत नव्हतं.

मशीनचं घड्याळ चुकलं असेल म्हणाल, तर ते बरोबर होतं, मी तिथल्या तिथे तपासलं. मशीन चालवेल अशी बॅटरी नव्हती, दुसरी किल्ली काकूंकडेही नव्हती. एक तुकडा आधी तयार नसला की दुसरा कोसळायचा, एवढी चूक नंतर सापडली. पण बंद मशीन चाललं कसं, हे मला आजतागायत कळलेलं नाही, आणि मी काही कमी डोकं खाजवलेलं नाही.

त्या दिवशी बाबांनाही विचारलं होतं मी. ते बराच वेळ त्या हिरव्या ओळीवर बोट ठेवून उभे होते. डोळे भरलेले, आणि हसत होते.

"बंद पडलेला यंत्र परत चालू झालेला बघूक गावला माका," म्हणाले. "कसा झाला ता कित्याक इचारतंस?"