सेशनमधला वाघ

मोहफुलांच्या दिवसांत माझ्या मायच्या मोबाईलवर रोज पहाटे तोच निरोप यायचा: जंगलात वाघ आहे, जाऊ नका. हे निरोप पाठवणारी सर्व्हिस मीच सांभाळायचो, आरमोरीजवळच्या आमच्या घराच्या पडवीत बसून. माय निरोप बघायची, मोबाईल बाजूला ठेवायची आणि टोपली घेऊन निघायची. उशीर केला की फुलं हरणं खाऊन टाकतात.

"काऊन जातेस वो?" मी वैतागायचो.

"तुहा वाघ कुठी जातच नाई," ती म्हणायची. "मंग मी कायले घरी बसू?"

खरंच जात नव्हता. ठसे दिसले, बैल मारला, कॅमेऱ्यात आला, अशी माहिती आम्ही एका रूल्स इंजिनात टाकायचो. ते नियम लावून कोणत्या गावाला सावध करायचं ते ठरवायचं. हे सगळं ज्यात चालतं त्याला म्हणायचं सेशन. पुण्यातल्या आमच्या साहेबांनी फर्मान काढलं होतं, दरवेळी नवं सेशन उघडण्यात वेळ जातो, गावागणिक एकच कायम उघडं ठेवा. झालं! जुने ठसे कोणी काढेना. वाघ नदीपार कधीचाच गेला, तरी सेशनमध्ये आपला ठाण मांडून. वरून सर्व्हरची मेमरी भरायची आणि रोज उठून तो मी बंद-चालू करायचा. जीव नुसता विटला होता.

वेळ नियम तयार करण्यात जातो हो, सेशन उघडण्यात नाही, हे मीटिंगांमध्ये सांगून सांगून माझं तोंड दुखलं. शेवटी साहेब कंटाळून 'कर बाबा' म्हणाले. मग नियम एकदाच तयार करून ठेवले. सेशन रोज नवं. ताजी माहिती टाकायची, निकाल घ्यायचा, लगेच मिटवायचं. सर्व्हर निवला. निरोपही थांबले.

"आता आला तर खरा समज," मी मायला बजावलं.

"तू सांगतं म्हून मानीन," ती म्हणाली.

आणि एका पहाटे निरोप आला. मी तपासलं. ठसे ताजे होते, तळ्याच्या पाळीवर, आमच्या मोहांच्याच वाटेला. शेजारच्या बाया टोपल्या घेऊन निघाल्याच होत्या. मी धावत आडवा गेलो. "काकी, थांबा वो, आज खरा आहे!"

"मागंबी खराच होता ना बाबू?" काकी हसली. बाकीच्याही हसल्या आणि चालू लागल्या. मला रडू यायचंच बाकी होतं.

मागं वळून पाहतो तर माय पदर खोचून अंगणातून निघालेली.

"माय, तू तरी नको जाऊ! खरं सांगून राह्यलो."

"मले मालूम आहे खरं हाय ते," ती न थांबता म्हणाली. "म्हून तं जातो. त्या बायाइले मालूम नाई ना."

मी चुलीजवळची परात उचलली आणि बडवत तिच्या मागं पळालो.