पायाळू रेवाचा उजवा पाय

आधीच सांगून टाकते, या सदरातले अनुभव मी इतकी वर्षं वाचतेय ते निव्वळ करमणूक म्हणून. घाटात लिफ्ट मागणारी बाई, बंद खोलीतला खोकला, पिंपळाखालचा म्हातारा... वाचायचं, हसायचं आणि कुकर लावायला उठायचं. आमच्याकडे देव आहेत, पण तेही सकाळची पूजा झाली की फारसे मध्ये पडत नाहीत. त्यामुळे स्वतः इथे लिहायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं. भूतबित यात नाहीच म्हणा. माझी मुलगी आहे, तिचा उजवा पाय आहे आणि मी आहे.

आम्ही नारायण पेठेत राहतो, नव्या बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. नवरा अजित हिंजवडीला नोकरीला जातो, म्हणजे बराचसा रस्त्यातच असतो. बुधवार पेठेत सासऱ्यांनी सुरू केलेलं चष्म्याचं दुकान आहे, तिथे मी डोळे तपासते. "हे स्पष्ट दिसतंय की मगाचं?" दिवसभर हाच प्रश्न. आमच्या कामातली एक गोष्ट सांगते, पुढे लागेल. तोच प्रश्न माणसाला पुन्हा पुन्हा विचारायचा नसतो. तिसऱ्यांदा विचारलं की धडधाकट माणूससुद्धा गोंधळतो आणि तुम्हाला हवं असेल ते उत्तर देऊन मोकळा होतो. मग चष्म्याचा नंबर चुकतो.

रेवा आमची एकुलती एक. आता पहिलीत आहे. ती पोटात आडवीतिडवी फिरून शेवटी पाय खाली करून बसली, म्हणून सिझेरियन करावं लागलं आणि बाईसाहेब पायांकडून बाहेर आल्या. म्हणजे पायाळू. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी — आपल्याकडे समजूत आहे की कुणाच्या कमरेत उसण भरली, तर पायाळू माणसाचा पाय तिथे लावायचा, उसण जाते. मला हे ऐकूनच हसू यायचं. पण आमच्या खालच्या मजल्यावर दाते काका-काकू राहतात. एका रविवारी काकांच्या कमरेत अशी काही उसण भरली की ते सोफ्यावरून उठेनात. काकू वर आल्या, "मृणाल, रेवाला पाठवतेस का जरा? पाय लावून जाईल."

काकांना दुखत असतानाही शंका सुचली होती. "अगं, सिझेरियनचं पायाळू चालतं का पण?" काकू म्हणाल्या, "पाय आधी आले ना बाहेर? झालं तर मग. दारातून आले की खिडकीतून, त्याच्याशी तुम्हाला काय करायचंय?"

रेवाने काकांच्या कमरेला उजवा पाय लावला, लाडू खाल्ला आणि वर आली. दुसऱ्या दिवशी काका दूध आणायला गेलेले मी पाहिले. उसण अशीही दोन दिवसांत जातेच, असं मी म्हटलं. आजही म्हणते. पण मग बिल्डिंगमधला जो तो रेवाला बोलवायला लागला आणि तिला लाडू, चॉकलेट मिळायला लागली. मी दुर्लक्ष केलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका सकाळी बूट घालताना रेवा म्हणाली, "आई, माझ्या पायात टोचतंय."

उजवा तळपाय. काटा नाही, सूज नाही, काही नाही. शाळेत दिवसभर हुंदडून आली. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. संध्याकाळपर्यंत गायब, सकाळी हजर.

इथून पुढचं ज्यांना मुलं आहेत त्यांना कळेल, बाकीच्यांना मी वेडी वाटेन. मी नेटवर बघितलं. बघायला नको होतं. लहान मुलाचा पाय सकाळी दुखणे असं टाकलं की तिसऱ्या ओळीत रक्ताचा कॅन्सर येतो. मग मी रेवाला आंघोळ घालताना तिचं सगळं अंग चाचपायला लागले. नडगीवर निळा डाग दिसला — खेळताना लागला असेल, पण मला तो साधा वाटेना. मानेत शेंगदाण्याएवढी गाठ लागली. डॉक्टर म्हणाले, सर्दी झालेल्या प्रत्येक पोराला असते. मी दिवसातून दहादा ती गाठ दाबायचे, वाढली का बघायला. रेवा शेवटी मान आखडून घ्यायला लागली. आणि प्रश्न तर चालूच. "दुखतंय का? कमी आहे का? कालच्यापेक्षा जास्त का? खरं सांग." दुकानात जे कुणाला कधी केलं नसतं, ते मी घरी माझ्या पोरीला करत होते, आणि कळत असून थांबवता येत नव्हतं. अन्न गोड लागत नव्हतं मला. समोर गिऱ्हाईक बसलेलं असायचं आणि माझ्या डोळ्यांपुढे केस गेलेली रेवा यायची.

रक्त तपासलं. नॉर्मल. दुसऱ्या लॅबमध्ये तपासलं. नॉर्मल. एक्स-रे काढला, हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. "वाढीचं वय आहे, पाय दुखतात." आमचे मुलांचे डॉक्टर म्हणजे अस्सल सदाशिव पेठी. तिसऱ्यांदा रक्त काढू या म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "बाई, मुलगी ठणठणीत आहे. आता तपासायचंच असेल तर तुम्हाला तपासू."

अजितने त्या दिवशी हात जोडले. "मृणाल, पोरीच्या दंडाकडे बघ. सुया टोचून टोचून काळा पडलाय. तिला काही झालेलं नाहीये, तू तिला आजारी पाडणार आहेस." मी रडले, आणि रात्रभर पुन्हा नेट बघितलं.

माणूस एकदा घाबरला की कुठल्या खांबाला मिठी मारेल सांगता येत नाही. मी, जी पायाळूला हसत होते, मी एका संध्याकाळी दाते काकांच्या दारात जाऊन उभी राहिले. मनात आलं होतं की यांची सगळ्यांची दुखणी हिच्या पायात उतरताहेत. मी वाट्टेल ते बोलले. "काका, तुमची कंबर बरी झाली, माझ्या पोरीचा पाय गेला. यापुढे तिला हाक मारायची नाही."

काकांनी हातातला पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाले, "मृणाल, माझी दुखणी मी आजवर माझ्याजवळच ठेवली. ती काय मी त्या पोरीला देईन?" काकूंनी हळूच दार लावून घेतलं.

रेवाचं पाय लावणं बंद झालं. दुखणं मात्र बंद झालं नाही. म्हणजे काकांना मी उगाचच तोडलं होतं.

मग दिवाळीची सुट्टी आली. माझ्या बहिणीने रेवाला कराडला नेलं. मी रोज सकाळी फोन करायचे. "पाय?" बहीण म्हणायची, "अगं, ती केव्हाची झाडावर आहे." एकही दिवस दुखलं नाही. मी देवापुढे पेढे ठेवले. रेवा पुण्यात परत आली, आणि दुसऱ्या सकाळी बूट घालताना तिने माझ्याकडे बघितलं आणि बघून गप्प बसली. मी विचारलंच. ती म्हणाली, "थोडंसंच टोचतंय. तू रडू नकोस ना."

मी घरातला रंग खरवडून बघितला. पाणी तपासून घेतलं. गादी बदलली. शेवटी रेवानेच सांगितलं, वेणी घालताना, अगदी साधेपणाने — "आई, मी तुझ्याजवळ झोपले ना, की टोचतं. बाबांजवळ नाही टोचत."

रेवाला लहानपणापासून माझ्याजवळ झोपायची सवय. मी कुशीवर, ती माझ्या मागे आडवी, आणि तिचा उजवा पाय माझ्या कमरेच्या वर, पाठीला टेकलेला. हलवला तर पुन्हा तिथेच येणार.

ते ऐकून मला काय वाटलं ते सांगू? वाटलं की दुखणं म्हणजे मीच आहे. डॉक्टरांनी सुचवलेल्या समुपदेशक बाईंनी हेच म्हटलं होतं, जरा गोड शब्दांत, की आईची भीती मूल अंगावर घेतं. मी त्याच दिवशी रेवाची उशी अजितकडे ठेवली. पाय दुखायचा थांबला. माझ्यापासून लांब ठेवली की माझी मुलगी बरी राहते, हे घेऊन मी रोज दुकानात जायचे आणि लोकांना अक्षरं वाचायला लावायचे. असं वाटायचं की कुठेतरी निघून जावं, म्हणजे पोर तरी सुखी होईल.

एका शनिवारी दुपारी मी दुकानातून येऊन आडवी झाले होते. अजित बाहेर गेला होता. रेवा दबकत आली आणि माझ्या पाठीला पाय टेकवून झोपली. मी उठवणार तेवढ्यात ती स्वतःच पाय झटकून म्हणाली, "आई, तुझ्यात गोटी आहे. तीच टोचते मला."

"कुठंय गोटी?"

तिने पायाच्या अंगठ्याने दाखवलं. उजवीकडे, बरगड्या संपतात तिथे, पाठीत.

मी हात मागे नेऊन दाबलं. काही नव्हतं. दुखतही नव्हतं. पण मग माझ्यातली डोळे तपासणारी बाई जागी झाली, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. रेवाला म्हटलं, खेळ खेळू या, डोळे मीट. डोळ्यांवर ओढणी बांधली. मी पालथी झाले आणि मधे शाल घडी करून ठेवली. तिचा पाय हातात धरून मी पाठीवर कुठेही ठेवायचे, डावीकडे, वर, खाली, आणि तोंडाने काही विचारायचं नाही. तिने आपणहून बोलायचं. मग मी फिरून डोकं पायथ्याकडे केलं, म्हणजे तिच्या बाजूने उजवं डावं बदललं. शाल काढली, उशी ठेवली. रेवा हसत होती, तिला गुदगुल्या होत होत्या. पण त्या एका जागी पाय आला की हसू थांबायचं आणि ती पाय ओढून घ्यायची. एकदाही चुकली नाही. त्या दुपारी मला पहिल्यांदा वेगळी भीती वाटली.

सोनोग्राफीला मी अजितला न सांगता गेले. काय सांगणार होते? तिथल्या डॉक्टरीणबाईंना म्हटलं, पाठ दुखते. त्या गप्पा मारत मशीन फिरवत होत्या आणि मग ते एकाच जागी पुन्हा पुन्हा न्यायला लागल्या. उजव्या मूत्रपिंडात गाठ होती. बोराएवढी. पुढच्या तपासण्या झाल्या — गाठ साधी नव्हती. कॅन्सर. पण वेळेत सापडली, तेवढा भाग काढून टाकता आला. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनी विचारलं, "त्रास काय होत होता?" मी म्हटलं, काहीच नाही. ते म्हणाले, "मग तुम्ही सोनोग्राफी का केलीत? ही गाठ मी दाबून बघितली तरी हाताला लागत नाही. आणखी वर्ष-दोन वर्षं तुम्हाला पत्ता लागला नसता." तोवर अजितला मी सगळं सांगितलं होतं, त्यानेच डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मुलांचे पाय दुखतात. योगायोग असतात." वाईट वाटायचं कारण नाही, मीही दुसऱ्या कुणाला हेच म्हटलं असतं. वर्षभर पोरीचं अंग चाचपलं आणि दुखणं माझ्या पाठीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

दाते काकांकडे गेले, पाया पडले. काका म्हणाले, "पाया माझ्या कशाला पडतेस, तिच्या पड." काकूंनी रेवाला लाडू दिला.

तर असं आहे. लहान पोरीच्या तळपायाला ते कसं कळलं, याचा मला आजही उलगडा झालेला नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर सांगा. फक्त "शक्ती" वगैरे लिहू नका, ती सहा वर्षांची आहे आणि तिला अजून बुटाची नाडी बांधता येत नाही.

पण मी लिहायला बसले ते त्यासाठी नाही. रेवा आता पुन्हा माझ्याजवळ झोपते. रोज सकाळी डोळे उघडायच्या आत तिचा उजवा पाय माझ्या पाठीवर फिरतो. टाक्यांच्या बाजूने, मग डावीकडे, मग मानेपर्यंत. शाळेतून बाईंचा फोन आला होता, रेवा मधल्या सुट्टीत खेळत नाही, घरी फोन लावून द्या म्हणते. दुकानात आली की काउंटरला टेकून माझ्याकडे बघत बसते. मी शिंकले तरी दचकते. आणि मग तिचे प्रश्न सुरू होतात. "आई, दुखतंय का? कालच्यापेक्षा जास्त आहे का? खरं सांग." माझेच शब्द, माझाच आवाज. पायाचं मला माहीत नाही, पण हे तिच्यात कुठून आलं ते कुणी समजावून सांगायला नको.

ती तिसऱ्यांदा विचारते तेव्हा मी तिला हवं ते उत्तर देते. "नाही गं राणी, काही नाही दुखत."

काल सकाळी तिचा पाय डाव्या बाजूला नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ थांबला. मग ती उठली आणि बूट घालायला गेली. ती काही बोलली नाही, आणि मला विचारायचा धीर झाला नाही.