शेवटच्या भागात अक्का बोलल्या

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यांतली नाही. मांजर आडवं गेलं तर आमच्या घरात मांजराला "सरक बाई" म्हणतात आणि पुढे जातात. दहावीच्या मुलांच्या विज्ञानाच्या शिकवण्या घेते मी. या सदरातले अनुभव वाचून "काहीही हं!" म्हणायचं आणि तरी दर वेळी वाचायचं, त्या जातीची वाचक. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण माझा नवरा प्रशांत म्हणाला, "लिही की. निदान कुणीतरी सांगेल तरी, काय झालं ते."

जुळे सोलापूर या उपनगरात आमचा दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. आतल्या खोलीत दोरीवर दोन जाड सोलापुरी चादरी टाकल्या की माझा स्टुडिओ तयार. दुपारी सोसायटीची पाण्याची मोटर बंद असते, तेव्हा त्या चादरींच्या आत बसून मी पॉडकास्ट रेकॉर्ड करते. नाव 'हात कामात'. ज्यांचे हात दिवसभर अडकलेले आणि कान मोकळे, त्यांच्यासाठी. बिड्या वळणाऱ्या, शिलाई करणाऱ्या, भाकऱ्या थापणाऱ्या बायका, रिक्षावाले... त्यांच्याच कामाच्या, त्यांच्याच गल्लीतल्या गोष्टी मी सांगते. जाहिरात नाही, कुणी मालक नाही. मीच लिहिणार, मीच बोलणार, चुकलं तर शिव्याही मीच खाणार.

माझ्या पहिल्यावहिल्या श्रोत्या म्हणजे गिरिजाक्का. विजापूर रोडच्या आतल्या गल्लीत त्या कडक भाकरी करून विकायच्या. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि बोलणं अर्धं कानडी, अर्धं मराठी. मी भाकरी घ्यायला गेले तर चुलीशेजारी फोन ठेवलेला, आणि त्यात माझाच आवाज चाललेला! मी म्हटलं, "अक्का, ही मीच हो." त्यांनी हातातली भाकरी तव्यावर टाकली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "अय्यो... आवाजावरनं जाड वाटत होतीस की गं!"

त्या दिवसापासून मी त्यांची 'तंगी', म्हणजे धाकटी बहीण. पुढे त्यांच्यावर एक अख्खा भाग केला. भाकरी थापता थापता त्या बोलत होत्या, मागे त्यांच्या हाताचं थप-थप, थप-थप. तो भाग लोकांनी डोक्यावर घेतला.

भाकरीचे पैसे मात्र माझ्याकडून कधी घेतले नाहीत. एकदा मी हट्टाने नोट पुढे केली, तर अक्का खवळल्याच. "मठात दासोह असतोय, बघितलीस का? कोण जोंधळे आणून टाकतंय, कोण डाळ. आलेला माणूस जेवतोय. तितं कुणी नाव विचारतंय? पैसं मोजतंय? तुझं ऐकून माझं पोट भरलं. आता तू खा." मी आपली "कशाला अक्का, राहू द्या अक्का" करत बसले. तेव्हा त्या सुनेकडे, महादेवीकडे वळल्या आणि म्हणाल्या, "ही पोरगी मागायची न्हाई. तुमीच वाढा." आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी पडली, वर शेंगाची चटणी.

हे वाक्य लक्षात ठेवा. त्या वेळी खोलीत आम्ही तिघीच होतो. रेकॉर्डर घरी होता, फोन पर्समध्ये.

गेल्या वर्षी अक्कांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मुलगा त्यांना अक्कलकोटजवळच्या गावी घेऊन गेला. बोलणं समजायचं सगळं, पण तोंडातून नुसता श्वास. महादेवी मला फोनवर सांगायची, "ताई, तुमचा तो भाग रोज लावतो आमी. अत्तींचा आवाज आता तेवढाच राहिलाय घरात." अत्ती म्हणजे सासूबाई. हे ऐकून मला रडूही यायचं आणि आपण काहीतरी बरं काम केलं असंही वाटायचं.

आता माझी अडचण सांगते. प्रशांतच्या टॉवेल कारखान्यात काम कमी झालं, पगार कापला. त्यात माझा लॅपटॉप मरायला टेकलेला आणि लेकीची कॉलेजची ॲडमिशन समोर. पॉडकास्टला नियमित वेळ द्यायचा तर शिकवण्या सोडाव्या लागणार, आणि शिकवण्या सोडल्या तर खायचं काय? लेक म्हणायची, "आई, शेवटी नुसता एक क्यूआर कोड टाक. 'आवडलं तर मदत करा' म्हण. सगळे करतात!" मी म्हणायची, "मेले तरी हात पसरणार नाही." आमचे वडील असेच होते आणि मी त्यांची लेक. श्रोते विचारायचे, काही देऊ का, तर मी हसून विषय बदलायची.

अशातच पुण्याच्या एका कंपनीतून फोन आला. मकरंद नावाचे गृहस्थ, बोलायला अगदी गोड. शो विकत घेतो म्हणाले. रक्कम ऐकून प्रशांतने ती कागदावर लिहून शून्यं मोजली. अटी मात्र अशा, की नाव त्यांचं, जुने सगळे भाग त्यांचे, आणि त्या भागांतले आवाजही त्यांचे. ते भाग आधी काढून घेणार, मग नव्याने बांधून पैसे भरणाऱ्यांसाठी ठेवणार. मी विचारलं, "अक्कांचा भागसुद्धा?" ते म्हणाले, "मॅडम, तोच तर तुमचा best asset आहे."

तरी मी 'हो' म्हटलं. दुसरं काय करणार होते? महादेवीला फोन करून सांगायची मात्र छाती झाली नाही. सोमवारी सह्या करायच्या ठरल्या.

गुरुवारी दुपारी मी निरोपाचा भाग रेकॉर्ड केला. छोटासाच. अडचणीचा एक शब्द काढला नाही, नुसते आभार मानले. म्हटलं, शो आता दुसऱ्यांच्या हाती जातोय, लोभ असू द्या. हेडफोन लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा ऐकला. माझा आवाज, शेवटी थोडी शांतता, बस्स. टाकला आणि चादरी काढून घड्या केल्या. घड्या करताना रडू आलं, खोटं कशाला सांगू.

शनिवारी सकाळी मकरंद यांचा फोन. "मॅडम, भाग सुंदर! पण शेवटी त्या वयस्कर बाई बोलतात ना, त्यांची पण सही लागेल हो. Legal वाले ऐकत नाहीत."

मी म्हटलं, "कोण बाई?"

"अहो, त्याच. मागे थप-थप असा आवाज येतो आणि मग त्या म्हणतात..." आणि या माणसाने आपल्या पुणेरी तोंडाने, जमेल तसं, मला वाक्य म्हणून दाखवलं. "ही पोरगी मागायची न्हाई. तुमीच वाढा. एकदम authentic, मॅडम!"

मी ओट्यापाशी उभी होते, आधी गॅस बंद केला. या माणसाने सोलापूर कधी पाहिलेलं नाही. अक्कांच्या स्वयंपाकघरातलं ते वाक्य त्याला कोण सांगणार?

भाग टाकल्यापासून मी मेसेज पाहिलेच नव्हते; आता फोन ठेवून पाहिले तर ढीग. कुर्डुवाडीच्या एक शिवणकामवाल्या ताई : "अक्का बोलल्या म्हणून विचारते, पैसे कसे पाठवायचे?" अकलूजचे एक दूधवाले काका थेट फोनवर, "ताई, म्हातारीनं बरोबर कान धरला बगा आमचा. इतकं दिस फुकाट ऐकतोय, कळंना व्हय आमाला? शो इकायचा न्हाय. आमी हाय की!" एका रिक्षावाल्या दादांनी तर घर शोधून काढलं आणि दारात उभे. नोट पुढे करून म्हणाले, "घ्या ताई. अक्कांनी सांगितलंय."

मी त्यांना दारातच ठेवून आत पळाले आणि भाग लावला. लॅपटॉपवरची मूळ फाइल ऐकली, मग फोनवर ऐकला, मग लेकीच्या फोनवर. आवाजाची रेघ मोठी करून पाहिली. शेवटी शांतता, सपाट रेघ. काही नाही!

प्रशांत म्हणाला, "जुन्या भागातला तुकडा चुकून जोडला असशील." मी म्हटलं, "ते वाक्य जुन्या भागात असलं तर ना!" तरी अक्कांचा अख्खा भाग आम्ही बसून ऐकला. नाही. न कापलेलं रेकॉर्डिंगही ऐकलं. त्यातही नाही. मग श्रोत्यांना विचारलं, पुन्हा ऐकून बघा. त्यांना पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आलं होतं, पुन्हा लावलं तर गायब. मकरंद यांनाही पुन्हा सापडलं नाही. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही edit केलंत का?" 

रविवारी मी आणि प्रशांत टू-व्हीलरवर अक्कलकोटला गेलो, तिथून त्यांच्या गावी. अक्का खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. वाळल्या होत्या, पण डोळे तेच. मला बघून पाण्याने भरले. मी फक्त म्हटलं, "अक्का, ऊटा आतेन?" जेवण झालं का, एवढंच. माझं कानडी तेवढंच.

महादेवीने चहा ठेवला. मी विचारलं, "गुरुवारचा भाग ऐकला का गं तुम्ही?"

"व्हय की! त्यादिवशीच लावला. तुमी शो देऊन टाकणार म्हणालात आणि अत्तींनी काय केलं ठाऊक हाय? हा डावा हात असा खाटंवर आपटायला लागल्या. थप-थप, थप-थप. त्यात भागाचा शेवट मला ऐकूच आला न्हाई, आणि भाग संपला तरी थांबंनात. मला वाटलं झटका आला पुन्यांदा, लई भ्याले. पण तोंड बघितलं तर चिडलेलं, भाकरी मोडल्यावर चिडायच्या तसं."

"काही बोलल्या?"

"कुटलं बोलतायत, ताई. आवाज फुटंना त्यांचा."

श्रोत्यांना ऐकू आलेल्या थप-थपीचं तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. 

मी अक्कांच्या जवळ सरकले. मला विचारायचीही लाज वाटत होती, पण विचारलं. "अक्का... त्या भागात तुम्हीच बोललात का?"

 महादेवीने चहाबरोबर आणून ठेवलेलं ताट होतं, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, ते अक्कांनी डाव्या हाताने माझ्याकडे ढकललं. मी सवयीने "कशाला अक्का" म्हणायला तोंड उघडलं, तर असे डोळे वटारले! मी मुकाट्याने भाकरी मोडली आणि खाल्ली. 

सोमवारी मी सही केली नाही. मकरंद यांना सांगितलं, "त्या बाईंची सही मिळत नाही." हे काही खोटं नव्हतं.

'हात कामात' आता श्रोते चालवतात आणि तो माझाच आहे. ज्याला जसं जमेल तसं देतात. कुणी दर महिन्याला थोडं पाठवतं, कुणी सणाला, आणि अकलूजचे काका घरचं तूप पाठवतात, नको म्हटलं तरी. मी आता नको म्हणतच नाही. घेते, आणि मनापासून बरं वाटतं. इतकी माणसं आपल्यासाठी ताट धरून उभी होती आणि आपण पाठ फिरवून बसलो होतो, हे कळलं की दुसरं काय वाटणार? अक्कांचा भाग जिथे होता तिथेच आहे. महादेवी रोज लावते.

विज्ञान शिकवणाऱ्या बाईकडे याचं उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असलं तर जरूर सांगा, मी वाद घालणार नाही... बरं, थोडा घालेन. मी भागाच्या शेवटी मदत करणाऱ्यांची नावं वाचत नाही. दासोहात नाव विचारत नाहीत. त्याऐवजी थोडी शांतता ठेवते आणि दर वेळी हेडफोन कानाला दाबून ती शांतता ऐकते.

कारण त्या गुरुवारी अक्कांना सगळ्यांनी ऐकलं. अकलूजने ऐकलं, कुर्डुवाडीने ऐकलं, पुण्याच्या त्या मकरंद यांनीसुद्धा ऐकलं. एक मी सोडून.