हट्ट्याच्या पद्माबाईची भाकर

किसनसिंगला येडा म्हणायला तांड्यात कुणी मागं राहिलं नाही. लोक रिटायर झाले की शेतात बोअर मारतात, पोराच्या घरावर स्लॅब टाकतात. ह्या गड्यानं भंगारात निघालेली शाळेची मिनीबस घेतली! सीटा काढून दिवाण ठोकला, गॅसची शेगडी बसवली, खिडक्यांना बायकोच्या जुन्या साड्यांचे पडदे लावले, अन् दिवाळी सरल्यावर रुख्मिणीबाईला घेऊन निघाला. "म्हातारपणी हे काय थेर?" म्हणून थोरला भाऊ भावसिंग आडवा झाला. त्याला काय सांगावं? रुख्मिणीबाईच्या पोटात गाठ होती. नांदेडच्या डॉक्टरनं किसनसिंगला बाजूला घेऊन म्हटलं होतं, "आता त्या मागतील ते द्या."

अन् बाईनं मागावं तरी काय? सोनं न्हाई, काशी न्हाई. "तुमी जिथं जिथं मुक्कामी गाडी नेली, ती गावं मला दावा," म्हणाली.

किसनसिंग एसटीचा ड्रायव्हर. सांजेला शेवटची गाडी घेऊन गावात जायचं, तिथंच निजायचं, पहाटे तीच गाडी घेऊन परतायचं. नोकरी सगळी अशीच गेली. इकडं रुख्मिणीबाई तांड्यावर एकटी. लेकरं तिनंच वाढवली, दुखणी-खुपणी तिनंच काढली. नवरा कुठं निजतो, काय खातो, ह्याचा घोर मात्र जन्मभर. त्यात एकच नाव तिच्या जिवाला गार वाटायचं, हट्टा गावच्या पद्माबाईचं. गाडी उभी राहायची तिथं समोरच तिचं घर. ड्रायव्हर उपाशी निजला तर गावाला बट्टा लागंल, म्हणून ती गरम भाकर अन् वरण आणून द्यायची. कधी रुपया घेतला नाही. रुख्मिणीबाईनं तिला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

"तिला एकडाव गळ्याशी धरायचं हाय," ती निघतानाच म्हणाली. बंजाऱ्याच्या बाया लई दिवसांनी भेटल्या की गळ्यात गळा घालून सुरात रडतात, अन् त्या रडण्यातच मनातलं सगळं बोलून घेतात. ते रडणं तिनं पद्माबाईसाठी राखून ठेवलं होतं.

मग आधी हट्टाच गाठायला पाहिजे होतं की नाही? पण किसनसिंगच्या डोक्यात भलतंच शिरलं. हिचा जीव ह्या भेटीत अडकलाय. भेट झाली की जीव सुटंल. झालं! गाडी हट्ट्याकडं वळेचना. कनेरगाव नाक्याला ढाब्यामागं मुक्काम झाला, रिसोड झालं, लोणार झालं, पुसद झालं. औंढ्याला नागनाथाचं दर्शन घेतलं. तिथून हट्टा जवळ, तर ह्यानं गाडी उलटी हिंगोलीकडं फिरवली. कधी म्हणे रस्ता खराब हाय, कधी म्हणे इंजिन तापून राहिलं. पौषाच्या थंडीत इंजिन तापतंय! थापा मारायच्या तर नीट तरी माराव्यात.

रुख्मिणीबाई खिडकीतून हळदीची शेतं बघत पडून राहायची. सकाळी उन्हं आली की तो तिला गोधडीत गुंडाळून गाडीच्या पायरीवर बसवायचा अन् शेगडीवर चहा टाकायचा. कुठं हुरडा मिळाला तर चार दाणे तिच्या तळहातावर ठेवायचा. एवढ्या वर्षांच्या लग्नात दोघांनी मिळून संसार केला तो हाच, त्या मिनीबसमध्ये. मोठं सुखाचं झालं त्यांचं ते फिरणं, खोटं कशाला बोला.

संक्रांतीनंतर तिचं अन्न सुटलं. एका सकाळी तिनं चहाचा कप बाजूला सारला. "आता न्या मला," एवढंच म्हणाली. किसनसिंगनं गाडी हट्ट्याच्या रस्त्याला लावली.

पद्माबाईच्या दारात गाडी थांबली तेव्हा सून बाहेर आली, दिपा. तिनं किसनसिंगला वळखलं अन् पदर तोंडाला लावला. "काका, आत्याबाई गेल्या. काल तेरावा झाला. थंडी पडली की म्हणायच्या, किसनसिंग कुठं असंल, जेवला असंल का."

किसनसिंग गाडीच्या पायरीवर बसला. महिन्यामागं औंढ्याहून गाडी फिरवली तेव्हा ती जिती होती. चुलीपाशी बसून भाकरी थापत असंल. "माझ्यामुळं झालं," तो बायकोला म्हणाला, "मी मुद्दाम फिरवत होतो तुला."

"मला ठाव होतं," रुख्मिणीबाई म्हणाली. "इंजिन काय थंडीत तापतं व्हय? मीच गप ऱ्हायले. मलाबी वाटलं, फिरू द्या अजून चार दिस. मलाबी सोडवत नव्हतं तुमाला."

मग ती त्याचा हात धरून खाली उतरली. दिपाला काही कळायच्या आत तिनं तिच्या गळ्यात हात टाकले अन् सूर लावला. त्या कुडीत एवढा आवाज कुठून आला, देव जाणे. शेजारच्या बाया दारात आल्या. कुणी पुढं झालं नाही.

"माझ्या मालकाला जेवू घातलंस गं बाई," ती रडत गेलेल्या पद्माबाईलाच म्हणत होती, "मला तुझं तोंड बघायला उशीर झाला गं. तुझ्या उंबऱ्यात आले अन् तू उठून गेलीस गं. आता मीच येते तुझ्याकडं मुक्कामाला. लई वाट बघायला लावणार न्हाई. माझ्यापुरती भाकर टाकून ठेव गं बाई."

"नगं," किसनसिंग पायरीवरून म्हणाला. "रुख्मिणी, तसं नगं म्हनू."

पण ते रडणं बायकांचं, त्यात पुरुषानं बोलायचं नसतं. त्याचं कुणी ऐकलं नाही.