घरकोंबड्याचा कलंदर केला

माझे बाबा घरदार सोडून भटकणारे नव्हते, हे सांगायची वेळ आमच्यावर यावी, याचाच मला संताप येतो.

ते बस आगारात सीट शिवायचे. फाटलेलं रेक्झिन उसवायचं, आतला काथ्या सारखा करायचा, वरून नवं चढवून दाभणाने टाके घालायचे. संध्याकाळी भोंगा झाला की थेट घर. आईची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती, त्यामुळे माझी वेणी घालायचं काम बाबांकडे होतं. सीट शिवायच्या हिशेबानेच ते वेणी आवळायचे, दुसऱ्या दिवशीपर्यंत एक बट हलायची नाही. मग डफ काढायचे, शेगडीवर धरून त्याचं कातडं शेकायचे आणि गायला बसायचे.

गाणी बहुतेक त्यांच्या आईची, विहिरीवर पाणी शेंदताना बायका म्हणायच्या ती. काही स्वतः रचलेली. सुट्टे परत न देणाऱ्या कंडक्टरवरचं गाणं तर आगारातले कंडक्टरच मागून मागून ऐकायचे. आसपासच्या गावांतून बोलावणी यायची. बाबा जायचे, पण परतीची गाडी चुकू नये म्हणून गाणं आवरतं घ्यायचे. लोकांनी आग्रह केला तर म्हणायचे, "घरी माझी वाट बघतायत. तुमचीही बघत असतील. उठा आता."

आमच्याकडे लोककलांचं एक मंडळ आहे. अध्यक्षांचा मालवाहतुकीचा धंदा, आवाज भारदस्त, भाषणाची हौस दांडगी. मंडळाचा परदेश दौरा ठरला तेव्हा बाबांचं नाव सगळ्यात वर होतं. नवा सदराही शिवून झाला होता. तेवढ्यात दादाला मेंदूज्वर झाला. बाबा इस्पितळात त्याच्या उशाशी बसले ते उठेचनात. अध्यक्ष स्वतः भेटायला आले. मी तिथेच आत्याजवळ बाकावर बसले होते.

"पोराजवळ त्याची आई आहे ना?" अध्यक्ष म्हणाले.

"आहे. बापही आहे."

"अहो, अशी संधी पुन्हा येत नसते."

"पोरगं तरी कुठे पुन्हा येतं, साहेब?"

जाताना अध्यक्ष सोबतच्या माणसाला आम्हाला ऐकू जाईल असं म्हणाले, "घरकोंबडा आहे नुसता. असल्यांवर वेळ घालवण्यात अर्थ नाही."

दादा वाचला, पण एका कानाने ऐकू येईनासं झालं. बाबा पुढे कायम त्याच्या चांगल्या कानाकडे बसून गायचे. मंडळाने मात्र त्यांना पुन्हा कधी बोलावलं नाही. रेडिओवरचा कार्यक्रम मंडळाच्या शिफारशीवर मिळायचा, तोही गेला. बाबा काही संत नव्हते. रेडिओवर दुसऱ्या कुणाच्या तोंडून आपलं गाणं लागलं की खटकन बटण फिरवायचे. आई समोर चहा ठेवायची.

गेल्या वर्षी बाबा गेले आणि मंडळाला त्यांची आठवण झाली. स्मृतिसभेसाठी माहिती हवी म्हणून मंडळाचा एक माणूस घरी आला. आईने आगार, दौरा, दादाचं आजारपण, सगळं सांगितलं. तो पेन हातात फिरवत बसला.

"हे ठीक आहे हो, पण काही रंगीत नाही का? व्यसन, फिरस्ती, घरच्यांचे हाल?"

"चहाचं व्यसन होतं," आई म्हणाली. "लिहा."

त्याने ते लिहिलं नाही. जाताना अल्बममधला एक फोटो तेवढा मागून नेला.

सभेच्या दिवशी सभागृहात शिरलो. मंचामागे भिंतभर बाबा. दाढी वाढलेली, केस विस्कटलेले, डोळे खोल गेलेले, आणि खाली मोठ्या अक्षरात 'कलंदर'. तो फोटो आत्याने इस्पितळात काढला होता. त्यातली दादाची खाट मंडळाने कापून टाकली होती.

अध्यक्ष बोलायला उभे राहिले. म्हणे, या कलावंताला घराचा उंबरठा कधी अडवू शकला नाही. म्हणे, संसारावर पाणी सोडून ते वाऱ्यासारखे फिरले आणि पत्नी आसवं गाळत वाट बघत राहिली. ती पत्नी पहिल्या रांगेत बसली होती. ती उठली. कुणी माईक दिला नाही, तिने मागितलाही नाही.

"साहेब, माझा नवरा रोज संध्याकाळी घरी असायचा. माझी बोटं चालेनात, तेव्हा माझी बटणं तेच लावायचे. पोरगं मरणाच्या दारात होतं तेव्हा ते तुमच्याबरोबर आले नाहीत, म्हणून तुम्ही त्यांना घरकोंबडा म्हणालात. तो शब्द खरा होता. त्या फोटोखाली तोच लिहा."

मागे आगारातली माणसं बसली होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "वहिनींच्या भावना आपण समजू शकतो," आणि भाषण सोडलं होतं तिथून पुढे सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलं, 'आठवणींनी पत्नीला अश्रू अनावर'. आईच्या डोळ्यांतून टिपूससुद्धा आलं नव्हतं. दादा तणतणत वर्तमानपत्राच्या कचेरीत गेला. तिथे त्याला सांगण्यात आलं की मंडळाकडून तसंच कळवलं होतं.

पुढे मंडळाने बाबांच्या नावाने 'कलंदर पुरस्कार' काढला आणि तो आईच्या हातून द्यायचं ठरवलं. नाव बदला, मग येते, असा निरोप तिने पाठवला. छापून झालंय, असं उत्तर आलं. ती गेली नाही.

त्या संध्याकाळी आम्ही आगाराच्या कँटीनमध्ये जमलो. कंडक्टरवरचं गाणं झालं, आणि तेही कंडक्टरांनीच म्हटलं, बेसूर. बाबा भोंग्याच्या आधीच चपला घालून दाराशी कसे उभे राहायचे, याची एकाने नक्कल केली. आई हसली. मी मात्र हसू शकले नाही. तिकडे त्याच वेळी हार-तुरे चालले होते, आणि ज्या माणसाने बाबांचं गाणं बंद पाडलं तोच त्यांचं गुणगान करत होता.

आता मंडळ बाबांवर शाळांसाठी पुस्तिका काढतंय. छापण्याआधी आम्हाला दाखवा, असं मी अध्यक्षांना फोनवर सांगितलं.

"बघू," ते म्हणाले.

उद्या दादा आणि मी मंडळाच्या कचेरीत जाऊन बसणार आहोत. आई म्हणाली, तीही येणार.